आवाज लावणारा मिस्त्री

“एकच घेऊ, की सुटं सुटं?”

श्रीनिवास गलांडेनं विचारलं. दस्तगीर मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, देवाशपथ. म्हसवडला घडली आणि मी तिथेच होतो. म्हणजे म्हसवडला नाही, अलीकडच्या एका गावात. आणि तिथेच म्हणजे गलांडेंच्या शेजारच्या घरात. खिडकी उघडी होती. त्या घराला खिडकी पुढच्या वर्षी बसवली, हेही खरं आहे. पण भिंत पातळ होती.

तर दस्तगीर मिस्त्री. तंबूतल्या सिनेमाचा आवाज लावणारा माणूस. जत्रेत तंबू पडला की कर्णे कुठे टांगायचे, आवाज किती सोडायचा, हे मिस्त्रींनी ठरवायचं. त्यांनी लावलेला आवाज असा, की पडद्यावर आई मेली तर कनातीबाहेरचा भजीवाला रडायचा आणि त्या खेळाची भजी खारट निघायची. मी खाल्ली आहेत.

आता वय ऐंशीच्या घरात. दारात बसून शेळीला पाला घालत होते.

“काय एकच? काय सुटं?” मिस्त्रींनी विचारलं.

“होम थिएटर, चाचा.” श्रीनिवासनं फाईल उघडली. जाडजूड फाईल. गडी इंजिनिअर, त्यात आवाजातलं आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. “एक तयार संच मिळतो. एका कंपनीचा, एका खोक्यात. आणा, जोडा, लावा. पण त्यातलं एक बिघडलं की सगळं मुकं. दुसरं म्हणजे सुटं घ्यायचं. ॲम्प्लिफायर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचे. प्रत्येक वस्तू निवडून. पण मग त्यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे.”

मिस्त्री टक लावून त्याच्या ओठांकडे बघत होते. श्रीनिवासला बरं वाटलं. इतकं लक्ष देऊन त्याचं कुणीच ऐकलं नव्हतं. बायकोनं तर नाहीच.

“किती दिवस निवडतोयस?”

“चौदा महिने.”

शेळीनं पाला खाणं थांबवून वर पाहिलं.

“कुणासाठी?”

“तात्यांसाठी.” श्रीनिवासचा आवाज जरा उतरला. “वडिलांचे कान चाललेत, चाचा. उजवा गेला. डावा थोडा आहे. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाही राहायचा. तो आहे तोवर त्यांना एकदा तो सिनेमा ऐकवायचाय. लहानपणी तुमच्या तंबूत दाखवलेला. तसाच. त्यातला तलवारींचा खणखणाट माझ्या कानात अजून आहे.”

“तात्या काय म्हणतो?”

“त्यांना काय कळतंय यातलं?”

मिस्त्रींनी शेळीपुढे पाला सरकवला.

“ते इतकंच म्हणाले,” श्रीनिवास पुढे म्हणाला, “आवाज लावावा तर दस्तगीरनं.”

“मग दोन्ही आण,” मिस्त्री म्हणाले. “रविवारी येतो.”

दोन्ही कसं आणणार? पण दुकानदार चौदा महिने त्याला उत्तरं देऊन इतका टेकीला आला होता, की टेम्पोत दोन्ही घालून पाठवले. निरोप एवढाच: एक ठेवा, एक परत करा, पण आता फोन करू नका.

रविवारी सकाळी मिस्त्री आले. हॉलमध्ये डावीकडे तयार संच, उजवीकडे सुटा. मध्ये फीत लावून मोजलेल्या जागी एक खुर्ची.

मिस्त्रींनी ती उचलली. पडद्याकडे पाठ करून ठेवली आणि बसले.

“चाचा, पडदा मागं आहे.”

“आहे की.”

“स्पीकरही मागं आहेत.”

“बरं झालं. लाव तू.”

श्रीनिवासनं तयार संच लावला. तलवारी खणखणल्या. मग सुटा लावला. तलवारी पुन्हा खणखणल्या. मिस्त्री सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“कोणता बरा?”

“पहिल्याला तू खोक्याकडं बघत होतास,” मिस्त्री म्हणाले. “दुसऱ्याला वायरीकडं.”

“ते सोडा. आवाज कसा वाटला?”

“मला काय माहीत? मला ऐकू येत नाही.”

श्रीनिवासच्या हातातला रिमोट हातातच राहिला.

“कधीपासून?”

“तिसऱ्या हंगामापासून. जनरेटरशेजारी झोपायचो ना.”

“म्हणजे... पन्नास वर्षं? आणि पंचक्रोशीत तुमच्यासारखा आवाज...” श्रीनिवास चिडला. “मग लावायचात कसा?”

“असाच. पडद्याखाली उभं राहायचं, लोकांकडं तोंड करून. तोंडं बघायची. मागची रांग हसली की मूठ वर करायची. मशीनवरचा गडी तिथंच थांबायचा.” मिस्त्रींनी मूठ वर करून दाखवली. “इतके सिनेमे झाले. मी एक पण बघितला नाही.”

“म्हणजे सगळा अंदाजच!”

“अंदाजच.” मिस्त्री जरा थांबले. “तुझ्या त्या तलवारीच्या सिनेमाला एक पोरगं होतं. पुढं गुलाबी फेटेवाला बसलेला. पोराला पडदा दिसतच नव्हता. बाप त्याच्या कानात सांगत होता, आता हा आला, आता त्यानं उपसली... पण कर्ण्यापुढं बापाचं पोराला ऐकू जाईना. रडायला आलं होतं.”

“मग?”

“मग आवाज उतरवला. सगळ्या तंबूचा.”

श्रीनिवासला आठवलं. फेटा गुलाबीच होता.

“तात्याला बोलव,” मिस्त्री म्हणाले.

तात्या आले. भिंत धरत धरत. मिस्त्रींना बघून म्हणाले, “काय रे बहिऱ्या!”

“ये, बहिऱ्या,” मिस्त्री म्हणाले.

म्हणजे तात्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. श्रीनिवासला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कुठे विचारलं होतं?

तात्या सोफ्यावर बसले. श्रीनिवासनं सिनेमा लावला. पडद्यावर राजा काहीतरी बोलला.

“काय म्हणतोय?” तात्यांनी विचारलं.

श्रीनिवासनं आवाज वाढवला.

“काय म्हणतोय?”

अजून वाढवला. शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या. शेजारी माझ्या घरात फडताळातून डबा पडला, लाडवांचा. तात्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले. तोंड कसनुसं झालं.

“राहू दे रे,” ते म्हणाले. “मी आत जातो.”

ते उठायला लागले.

चौदा महिने! श्रीनिवासनं रिमोट दाबला आणि सोफ्यावर फेकला. खोलीत एकदम चिडीचूप. चित्र मात्र चालूच होतं. राजा तोंड हलवत होता. मिस्त्री पडद्याकडे पाठ करून तसेच बसलेले, नजर तात्यांवर.

“तात्या, थांबा,” श्रीनिवास म्हणाला. ते तात्यांना ऐकू गेलं नाही.

मग तो गेला, त्यांच्या डाव्या अंगाला बसला आणि कानाशी तोंड नेलं.

“सेनापती फितूर झालाय,” तो म्हणाला.

तात्या अर्धवट उठलेले, तसेच थांबले. “कुणाला?”

“शेजारच्या राजाला. आता हा दिवाणखान्यात येईल बघा. आला. राजा म्हणतोय, पाणी घ्या. हा घेत नाही. हात मुठीवर आहे.”

“कुणाचा?”

“सेनापतीचा. आता उपसणार... थांबा... उपसली!”

तात्या खळखळून हसले.

मिस्त्रींची मूठ वर गेली.

“हां,” ते म्हणाले. “आता लागला.”

सिनेमा संपेपर्यंत ती मूठ खाली आली नाही, असं मी सगळीकडे सांगतो.

आता थोडी कबुली देतो, नाहीतर उद्या तात्याच येतील विचारायला. लाडवांचा डबा पडला नव्हता. मूठ दोन मिनिटांत खाली आली, माणसाचं वय बघा. आणि तात्या हसले, ते मी घातलेलं आहे. ते हसले नाहीत. ते खाली बसले, जरा सरकले आणि श्रीनिवासला सोफ्यावर नीट जागा करून दिली. एवढंच केलं त्यांनी. गोष्टीत ते कमी दिसतं म्हणून मी हसू घातलं.

बाकी सगळं खरं. शेवटचं तर भिंतीतूनही स्वच्छ ऐकू आलं.

दुपारी टेम्पोवाला परत आला. दारात उभा राहून म्हणाला, “साहेब, कुठला न्यायचा?”

श्रीनिवास मिस्त्रींच्या समोर गेला. त्यांना ओठ दिसतील असा उभा राहिला.

“चाचा, सांगा आता. यातला कुठला ठेवू?”

मिस्त्रींनी पहिल्यांदाच खुर्ची वळवली. डावीकडचा संच बघितला. उजवीकडचा बघितला.

“मघाशी कुठला चालू होता?”