सलग वीस सीड्या

फाउंड्रीत भट्टीतला लोखंडाचा रस उसळला आणि पाच कामगार गेले. अनसूया खरमाटेचा नवरा सोपान त्यातलाच एक. चौकशीत मॅनेजर टिपरेसाहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, "कामगारांचा हलगर्जीपणा, दुसरं काही नाही." चौकशी दुसऱ्या दिवशी संपणार होती. अनसूयेने कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं. चौकशी अधिकाऱ्यांनी टिपरेंना हुकूम दिला, पाचही घरांना चार-चार सीड्या संध्याकाळपर्यंत द्या.

टिपरे हसले. "बाई, तुम्हाला यातलं काय कळणार? सलग वीस सीड्या राइट केल्या की संगणकाचा ड्राइव्ह तापतो. तापला की चुका करतो, शेवटी जळतो. त्याला मधे विसावा द्यावाच लागतो. चार दिवस लागतील."

"सलग काम केलं की चुका होतात? नक्की?"

"वीस वर्षं यंत्रं सांभाळतोय मी! हवं तर लिहून देतो." आणि त्यांनी खरोखरच लिहून सही केली.

अनसूयेने तो कागद अधिकाऱ्यांपुढे ठेवला. "साहेब, माझा नवरा त्या भट्टीसमोर सलग तीन पाळ्या उभा होता. बदली माणूस मागूनही मिळाला नाही. ड्राइव्हला विसावा लागतो हे यांना ठाऊक आहे. मग हलगर्जीपणा कुणाचा?"

अधिकाऱ्यांनी हजेरीपट मागवला. तिन्ही पाळ्यांपुढे सोपानची सही होती. अहवालात दोष टिपरेंवर आला.

मधेमधे थांबत वीसही सीड्या संध्याकाळपर्यंत तयार झाल्या. ड्राइव्हला काही झालं नाही. अनसूयेने आपल्या चार सीड्या वकिलाकडे दिल्या. तिने स्वतः एकही लावून पाहिली नाही.