कृत्तिकांचं चित्र

“पण चूक कुठे आहे, ते तरी सांगा!” शार्दूल वैतागून म्हणाला.

इस्माईलचाचांनी कागद पुन्हा बॅटरीच्या उजेडात धरला. कृत्तिकांचा तारकापुंज त्यावर झकास उतरला होता. एकेक तारा जागच्या जागी.

“चूक नाहीच,” ते म्हणाले. “म्हणून तर अडलंय.”

शार्दूलला काही कळेना.

मिरजेच्या या म्हाताऱ्या घड्याळजीची नजर अधू होत चालली होती. परसातली दुर्बीण आता कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. अट एकच. तिच्यातून कृत्तिका जशा दिसतील, तशा कागदावर काढायच्या. खगोलाच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या शार्दूलला हा पोरखेळ वाटला होता. दुर्बीण मात्र त्याला अगदी मनापासून हवी होती.

रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. चाचांनी दुर्बीण खाली वळवली, नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीकडे.

“पाटी वाच.”

शार्दूलने डोळा लावला. अक्षरं उभी सरळच होती, पण आरशात दिसावीत तशी. डावीकडची उजवीकडे.

“मान अवघडू नये म्हणून आत तिरपा आरसा बसवलाय,” चाचा म्हणाले. “तो सगळंच असं दाखवतो. कृत्तिकासुद्धा.”

कागदावरच्या कृत्तिका हुबेहूब पुस्तकातल्यासारख्या होत्या.

शार्दूलने कागद उलटा धरला. मग आडवा. आरशातल्या रूपाशी काही केल्या जुळेना. लाजेने त्याचे कान तापले.

“चाचा, मी बघितलं होतं... खरंच.”

“डोळा लावला होतास.”

चाचांनी ते सुरेख चित्र घेतलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारलं. दुर्बीण पुन्हा कृत्तिकांवर लावली.

शार्दूल स्टुलावर बसला. या वेळी त्याने बराच वेळ दुर्बिणीवरून डोळा हटवला नाही.

“चाचा...”

“हं?”

“कुठला तारा कुठला, काहीच ओळखू येत नाही. नुसता गोंधळ झालाय.”

दुर्बीण हातची गेली, हे त्याला कळून चुकलं होतं.

चाचांनी चाचपडत पेन्सिलीला टोक केलं. कोरा कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

“आता काढ.”