लवूची बधिर बोटं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात लवू नावाचा एक लाकूडतोड्या राहत होता. गावाभोवती आंबा, फणस, ऐन अशी दाट झाडी. वादळात झाड कोसळलं, कोणाच्या कौलांवर फांदी आली, की बोलावणं लवूला जाई. पूर्वी तो कुऱ्हाडीनं काम करी. पुढे त्यानं यंत्राची करवत घेतली. गावात तिला सगळे कटर म्हणत. कुऱ्हाडीला दिवस लागे ते काम कटर घटकाभरात उरकी.

लवूच्या अंगात रग होती आणि त्या रगेची त्याला घमेंडही होती. कटर एकदा सुरू केलं, की खोडाचे तुकडे पडेपर्यंत तो ते खाली ठेवत नसे. साखळीची धार गेली तरी थांबत नसे. उलट मूठ आवळून आणखी जोर लावी. मग यंत्र असं थरथरे, की खांद्यापर्यंत हाडं हलत.

बुधाजी हा त्याचा जोडीदार. वयानं धाकटा, स्वभावानं गरीब. दोघं आळीपाळीनं कटर चालवत. एकदा बुधाजीनं मधेच यंत्र बंद केलं आणि तो हात झटकू लागला. लवू चारचौघांत ओरडला, "बुधाजी, हात आहेत की लोण्याचे गोळे?"

माणसं खो खो हसली. बुधाजीही कसनुसा हसला. त्यानंतर हात झटकताना तो कोणाला दिसला नाही.

एका वर्षी थंडी कडक पडली. सकाळी उठावं तर लवूची बोटं पांढरीफटक, जणू त्यांत रक्तच नाही. चुलीशी धरली की त्यांत आग व्हायची, मुंग्या यायच्या. सदऱ्याचं बटण लावता लावता नाकी नऊ येत. त्याच्या बायकोनं, शेवंतीनं ते पाहिलं.

"अहो, एकदा डॉक्टरला दाखवून या."

"कटर धरणाऱ्याचे हात असेच असतात," लवू म्हणाला आणि त्यानं विडी पेटवली.

त्याच दिवसांत त्यांची मुलगी सुमती बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात पाळणा हलत होता. लवूला नातवाचं कोण कौतुक! एका सकाळी शेवंती बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला बसली. तिचे हात तेलानं माखलेले. ती म्हणाली, "अहो, पाण्यात विसण घाला. फार कढत नको."

लवूनं उकळत्या पाण्यात थंड पाणी ओतलं. बोटं बुडवून पाहिली. "कोमट आहे. घाल."

शेवंतीनं पहिला तांब्या ओतला आणि ती किंचाळली. पाणी तिच्या नडगीवरून बाळाच्या पावलावर गेलं होतं. तिनं पाय झटकन बाजूला घेतले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. पण ते इवलंसं पाऊल लालभडक झालं आणि बघता बघता त्यावर फोड आला. बाळानं टाहो फोडला.

सगळे धावतपळत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पाऊल गार पाण्याखाली धरलं, औषध लावलं आणि जखम भरून येईल असं सांगितलं. सुमतीचं रडं मात्र थांबेना. ती आईवर कडाडली, "आई, पाणी बघितलं नाहीस का तू? तुझ्या भरवशावर मी माहेरी आले!"

डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "आजीबाई, इतकी पोरं वाढवलीत, आणि पाण्याचा अंदाज नाही आला?"

शेवंतीनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

लवू भिंतीला टेकून उभा होता. गप्प राहिलं असतं तरी कोणाला काही कळलं नसतं. गावात नाव तसंच राहिलं असतं, कामं येत राहिली असती. पण शेवंतीच्या नडगीवरचा लाल चट्टा त्याला दिसला. भाजलं तिला होतं आणि बोलणीही तीच खात होती.

तो पुढे झाला. "बाई, तिला बोलू नका. पाणी मी बघितलं. मला ते कोमट लागलं."

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुईचं टोक एकेका बोटाला लावलं. "टोचतंय का सांगा."

लवू वाट बघत राहिला. "लावा की सुई," तो म्हणाला.

"लावून झाली."

त्यानं डोळे उघडले. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

"यंत्राच्या थरथरीनं बोटांतल्या शिरा आणि नसा दुखावल्यात," बाई म्हणाल्या. "वेळीच आला असतात तर बरं झालं असतं. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण उरलंय ते राखता येईल. काही दिवस कटरला हात लावू नका. पुढे धरलंत तर मूठ आवळू नका, यंत्राचा भार खोडाला घेऊ द्या. मनगट वाकडं ठेवून जोर लावायचा नाही. मधूनमधून थांबा. हात उबदार ठेवा. आणि विडी सोडा. त्या शिरांचा ती गळा आवळते."

वाटेत सुमतीनं आईचा हात धरला. लवू मागून चालत होता. "शेवंते, तू का गप्प बसलीस?" त्यानं विचारलं.

"तुमचं मोठेपण तुम्हाला प्यारं," ती म्हणाली. "मी कशाला मोडू?"

सुई त्याला कळली नव्हती. हे शब्द मात्र टोचले.

लवूनं कटर तालुक्याला नेलं. कारागिरानं मुठीजवळची रबरं दाखवली; थरथर झेलणारी ती रबरं केव्हाच फाटली होती. लवूनं नवी बसवून घेतली. साखळीला रोज कानस मारायची सवय लावली. विडी सोडताना फार हाल झाले, पण सोडली.

बाईंनी पुन्हा काम करायला मुभा दिली, तेव्हा तो एका बागायतदाराचा वठलेला फणस तोडायला गेला. थोडं कापून झालं, की कटर बंद करी आणि हातमोजे काढून हात चोळत बसे. बागायतदार वैतागला. "लवू, म्हातारा झालास की काय? संध्याकाळपर्यंत झाड आडवं व्हायला हवं!"

"उद्या होईल, मालक," लवू म्हणाला. "घाई असेल तर दुसरा माणूस बघा. माझी बोटं बधिर झालीत. नातवाचं पाऊल भाजलं तेव्हा मला ते कळलं."

गड्यांच्या देखत त्यानं हे सांगितलं. कोणी हसलं नाही. बागायतदार पुटपुटत निघून गेला.

बुधाजी मात्र जवळ आला आणि त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसला. त्यानं आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"लवूदादा," तो म्हणाला, "मलाही गेल्या थंडीपासून असंच होतंय."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

बुधाजीनं मान खाली घातली. "तुम्ही हसाल म्हणून."

लवूनं ते हात आपल्या हातांत घेतले. ते गार आहेत की गरम, हे त्याला कळेना. त्यानं कटर उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "ऊठ. झाड कुठे पळून जात नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

तात्पर्य: अंगाची तक्रार ऐकण्यात कमीपणा नाही. घमेंडीपायी दुखणं लपवणारा स्वतःचे हात तर गमावतोच, पण त्याला भिऊन गप्प बसणाऱ्यांचेही घालवतो.