व्रणातला गर्भ आणि अमावास्या

विषय : सिझेरियनच्या व्रणात रुजलेल्या गर्भाचा दुर्मीळ रुग्णवृत्तान्त परिषदेत मांडण्यास अनुमती मिळणेबाबत.
संदर्भ : डॉ. कौस्तुभ हेंद्रे यांचा अर्ज.

“...पण निदानात चूक काय आहे, बाई?”

हेंद्रे आपल्या गुरूंना विचारत होते. इंदुमतीबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत होत्या. चूक नाही, म्हणाल्या.

खरोखर नव्हती. गर्भाशय वर रिकामे, गर्भ खाली जुन्या टाक्यांच्या जागी, आणि मूत्राशयाकडची भिंत कागदासारखी. दुसऱ्या कोणी गर्भपात समजून आतून खरवडले असते आणि पेशंट रक्तस्रावाने गेली असती. हे हेंद्र्यांनी स्वतःच सांगितले, विनयाने.

खाटेवरच्या मृदुला कोठावळेला ठोके ऐकू आले होते. गर्भ वर सरकवता येईल का, असे तिने विचारले. येत नाही, हेंद्रे म्हणाले. वाढला तर व्रण फाटेल. पिशवी जाईल, कदाचित तूही. रक्त दिसू लागलेच आहे, आजच काढायला हवा.

“यात कोणाची चूक, डॉक्टर?”

“कोणाचीच नाही. निसर्ग.”

बाहेर सासऱ्यांनी पंचांग उघडले होते. आज अमावास्या, परवा करा, असा निरोप आला. हेंद्रे संतापले. असल्या अडाण्यांना तुम्हीच समजवा, म्हणून बाईंना बाहेर घेऊन गेले.

सासरे अडाणी नव्हते. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे शांतपणे बोलले.

“मागच्या खेपेला मी काढलेला मुहूर्त पाहून तुम्हीच म्हणालात ना डॉक्टर, उत्तम आहे, कळांची वाट कशाला बघायची?”

“कळा सुरू नव्हत्या?” बाईंनी हेंद्र्यांना विचारले.

“नव्हत्या.”

“बाळ आडवं होतं?”

“...नाही.”

“मग पोट का उघडलंत?”

हेंद्र्यांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

बाई आत गेल्या. मृदुलेजवळ बसून, काय करायचे आहे आणि काय होऊ शकते, ते सारे सांगितले. गर्भ वाचणार नाही, हेही. सासऱ्यांना विचारायला हवं, मृदुला म्हणाली.

“पोट कोणाचं आहे?”

मृदुलेने संमतीपत्र पुढे ओढले. मग तिने सही केली.

अमावास्या असतानाच हेंद्र्यांनी दुर्बिणीतून गर्भ काढला आणि ती जागा शिवली. हात चांगला होता. पिशवी वाचली. मृदुला भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचे अभिनंदन मात्र सर्वांनी केले.

आठवड्याने हेंद्रे अर्ज आणि लेख घेऊन अनुमतीच्या सहीसाठी बाईंकडे आले. लेखात आधीच्या सिझेरियनपुढे लिहिले होते : वैद्यकीय कारणास्तव.

बाईंनी सगळे वाचले. सही न करता कागद परत सरकवले.

“सहलेखकाचं नाव राहिलंय.”

“कोणाचं, बाई?”

“तिच्या सासऱ्यांचं.”

अर्ज प्रलंबित आहे.