मुंगीचा हरभरा सागवानात पडला

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं नाव इटुकली.

आज तिच्या बाळाचं बारसं. बारशाला घुगऱ्या हव्यात की नाही? इटुकलीने आणला हरभरा. एकच! घुगऱ्या नाहीत तर बारसं नाही. बारसं नाही तर बाळाला नाव नाही.

इटुकली हरभरा ढकलत निघाली. टुकूटुकू, टुकूटुकू. वाटेत सागवानाचा ओंडका. चढली वर. आणि टप्प! हरभरा पडला फटीत!

अगं बाई गं! आता काय हो?

"ओंडकादादा, माझा हरभरा दे ना!"

"आँ? मी देऊ? अगं, मी सागवान! पाण्यात कुजत नाही. उन्हात वाकत नाही. वाळवी मला चाखते, थू थू करते आणि पळते. मी असा फुटेन होय? करवत कापेल, तर फुटेन."

ऐकलंत? केवढा हा तोरा!

टुकूटुकू, टुकूटुकू. मुंगी गेली करवतीकडे.

"करवतताई, करवतताई!
ओंडका फुटेना,
हरभरा मिळेना,
बाळाचं बारसं होईना!"

"बाप रे! सागवान? हे बघ माझे दात. त्यालाच कापून कापून बोथट झाले! कानस घासेल, तर कापीन."

टुकूटुकू, टुकूटुकू. मुंगी गेली कानशीकडे.

"कानसताई, कानसताई!
करवत कापेना,
ओंडका फुटेना,
हरभरा मिळेना,
बाळाचं बारसं होईना!"

"अय्या! करवतीचे दात गेले? पण मी एकटी कशी फिरू? रावजी सुतार उठेल, तर घासेन."

टुकूटुकू, टुकूटुकू. रावजी सुतार पडला होता आडवा. घुर्रर्र, घुर्रर्र. भर दुपारी!

"रावजीकाका, रावजीकाका!
कानस घासेना,
करवत कापेना,
ओंडका फुटेना,
हरभरा मिळेना,
बाळाचं बारसं होईना!"

"आँऽऽ! मुंगी बोलते?" रावजीने डोळे चोळले. "पण चहाशिवाय माझा हात चालत नाही बाई. तुझी काकू चहा करेल, तर उठेन."

टुकूटुकू, टुकूटुकू. मुंगी गेली काकूकडे.

"काकू, काकू!
रावजी उठेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
ओंडका फुटेना,
हरभरा मिळेना,
बाळाचं बारसं होईना!"

"अगोबाई! चहा? आणि दूध कुठाय? शेळी दूध देईल, तर करीन."

टुकूटुकू, टुकूटुकू. मुंगी दमली. पण गेली हो शेळीकडे.

"शेळीमावशी, शेळीमावशी!
काकू चहा करीना,
रावजी उठेना,
कानस घासेना,
करवत कापेना,
ओंडका फुटेना,
हरभरा मिळेना,
बाळाचं बारसं होईना!"

"मेंऽऽ! दूध मागतेस? अगं, माझ्या कानात गोचीड बसलीय! रक्त पितेय मेली! रावजीचं बोट आत जात नाही. काकूचं बोट जात नाही. गोचीड निघेल, तर दूध देईन."

मुंगी म्हणाली, "मी जाते!"

"तू? एवढीशी?"

हो, एवढीशीच! मुंगी चढली पायावर. पाठीवर. मानेवर. शिरली कानात. बाप रे, केवढी फुगलेली गोचीड! मुंगीपेक्षा मोठी! मुंगी घाबरली. खूप घाबरली. पण बाळाला नाव नको का? डोळे मिटले आणि कडकडून चावली.

"आई गंऽऽ!" गोचीड पडली. पट्ट!

आणि मग काय!

शेळीने दूध दिलं. चुर्र चुर्र.
काकूने चहा केला. रट रट.
रावजी चहा प्यायला. सुर्र सुर्र. उठला!
कानस घासली. खस्स खस्स.
करवत कापू लागली. खर्र खर्र, खर्र खर्र.
ओंडका फुटला. फाड्!
हरभरा बाहेर आला. टुण्णकन!

"अरेच्चा!" ओंडका ओरडला. "एका मुंगीने मला उघडलं?"

उघडलं म्हणजे उघडलं!

हरभरा उकडला. मुंग्या जमल्या. मुंगीआत्या बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्रर्र!" सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपके घातले. धप धप धप!

आणि नाव काय ठेवलं? सागू!

बाळाने डोळे उघडले. एवढे मोठ्ठे.

"आँ? मी सागू?"