दाभोळे सरांची पकड

दाभोळे सरांनी मागून गळ्याला विळखा घातला, की भलाभला गडी मॅटवर थाप मारून शरण यायचा. कोल्हापुरातल्या त्यांच्या जिउ-जित्सूच्या क्लासात मुलींची बॅच शिकवायला मागणाऱ्या तेजलनं सुटकेची नवी युक्ती सुचवली, तसे सर कडाडले, "माझे केस या मॅटवर पिकलेत, पोरी! सुटून दाखव, नाहीतर मुलींची बॅच शिकवायचं विसर."

विळखा आवळला. तेजल कशीबशी म्हणाली, "सर, तुम्ही असे अडकलात, तर आधी काय कराल?"

सर खुलले. "हे बघ, हात असा..." म्हणत त्यांनी दाखवायला हात सोडला, आणि तेजल बाहेर!

"ही कसली युक्ती?"

"नवीच आहे, सर. अनुभवी माणसाला सल्ला विचारायचा. पकड तो स्वतःच सोडतो."

बॅच तेजलला मिळाली. सर मात्र हल्ली विळखा घातला, की तोंड उघडत नाहीत.