हार कुणाच्या गळ्यात

शाळेच्या इंग्रजी प्रदर्शनाला मंत्री येणार होते. आले त्यांचे पीए नाईकनवरे, पण रुबाब मंत्र्यांचाच!

नववीतल्या यामिनीच्या सर्वनामांच्या तक्त्याला पहिलं बक्षीस ठरलं होतं. व्यक्तींसाठी ‘ही’ नि ‘शी’, दाखवायला ‘धिस’, विचारायला ‘हू’, असं सगळं तिनं झकास रंगवलं होतं.

नाईकनवरे हसले. “दुसऱ्याच्या जागी येणारे हे बदली शब्द! यांना कसलं बक्षीस? काढा तक्ता!”

मुख्याध्यापक लगबगीनं उठले. यामिनी मात्र जागची हलली नाही.

“साहेब, बॅनरवर नाव मंत्रिसाहेबांचं आहे. त्यांच्या जागी तुम्ही आलात. आम्ही हार घालायचा थांबलो का?”

नाईकनवऱ्यांनी गळ्यातला हार काढला, यामिनीच्या गळ्यात घातला आणि हळूच म्हणाले, “मंत्रिसाहेबांच्या वतीनं.”